बुकात लिहिलंय

आमच्या घरमालकांनी पहिल्याच संध्याकाळी मला जे प्यायला दिलं, त्यानंतर मी दुसऱ्या दिवशी सकाळी खोली सोडली असती तरी कुणी मला नावं ठेवली नसती.

काशीद आणि मुरूडच्या मधल्या एका गावात माझी हायस्कूलवर बदली झाली होती. रस्त्याला लागून असलेल्या एका घराची वरची खोली भाड्यानं मिळाली. उन्हाळा अजून सरला नव्हता. सामान वर चढवून मी घामानं निथळत खाली आले, तर लुंगीवर एप्रन बांधलेले, दाढी मेंदीनं रंगवलेले एक उंच गृहस्थ हातात काचेचा वाडगा घेऊन दारात उभे. वाडग्यात लालभडक काहीतरी होतं. मला वाटलं, टोमॅटोचं सार असेल. मी चांगला मोठा घोट घेतला. गारढोण, कच्चं, आणि कच्च्या लसणाचा असा झणका की डोळ्यांतून पाणी आलं.

"हे गरम करायचं राहिलंय का?" मी जमेल तेवढ्या नम्रपणे विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वर्गात आईचं बोट धरून आलेल्या पोराकडे मी जसं पाहते तसं.

"टीचर, बुकात थंड लिहिलंय."

आतून एका बाईचा आवाज आला, "ते ठेवा खाली टीचर. मी तुमच्यासाठी चाय टाकलाय."

चाचा आणि चाची यांची आणि माझी ही पहिली ओळख. पुढे मी त्या घरात चांगली रुळले, आणि 'बुकात लिहिलंय' हे दोन शब्द इतक्यांदा ऐकले की शाळेत एखाद्या मुलानं उत्तराला हाच आधार दिला की माझ्या तोंडाला लसणाची चव यायची.

बुक म्हणजे स्पेनच्या घरगुती स्वयंपाकाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. चाचांचं सगळं नोकरीचं आयुष्य कुवेतला गेलं. कामगारांच्या एका कॅम्पवर ते स्टोअरकीपर होते. तांदळाच्या गोण्या आणि तेलाचे डबे त्यांनी उदंड मोजले, पण चुलीपाशी कधी गेले नाहीत. कॅम्पवरचा कुणी इंजिनिअर मायदेशी परत जाताना हे पुस्तक टाकून गेला. ते चाचांनी उचललं आणि सुटीच्या शुक्रवारी पलंगावर पडून वाचलं. लोक आखातातून येताना ब्लँकेटं आणतात, अत्तर आणतात. चाचा कायमचे परत आले ते हे पुस्तक काखेत मारून. सुरुवातीला ते त्याला 'किताब' म्हणायचे. चाचीनं एकदाच सांगितलं, "या घरात किताब एकच हाय. ती वर फळीवर हाय. हिला बुक म्हना." तेव्हापासून ते बुक झालं.

चाचीनं आणखी एक काम केलं होतं. पुस्तकातली डुकराच्या मटणाची आणि दारू घातलेल्या पदार्थांची पानं तिनं गोधडीच्या दोऱ्यानं एकमेकांना शिवून टाकली होती. शिवण पक्की होती. मात्र पानाच्या एका बाजूला डुक्कर आणि दुसऱ्या बाजूला बिचारं वांगं असं जिथे जिथे होतं, तिथे वांगंही आत अडकलं. अशा वेळी चाचा पुस्तक उभं धरून विहिरीत डोकावल्यासारखे वरून आत बघत आणि मिळतील तेवढ्या ओळींवर स्वयंपाक करीत. तो पदार्थ कसा व्हायचा हे सांगायला नको.

पण हा माणूस नुसता हौशी नव्हता. हौशी असता तर निभावलं असतं. चाचांकडे सिद्धांत होता. कुवेतमुळे त्यांना अरबी चांगली यायची आणि बुक वाचता वाचता त्यांना शोध लागला होता की स्पेनच्या चुलीवरचे अर्धे शब्द अरबी आहेत. तांदळाला ते लोक 'अर्रोस' म्हणतात, तो अरबांचा 'रुझ'. केशराला 'अथाफ्रान', तो आपला जाफरान. तेलाला 'अथेइते', ते 'झैत'. वांग्याला 'बेरेन्हेना', ते 'बादिंजान'. हे सांगताना चाचांचा आवाज चढायचा.

"म्हणजे काय टीचर? हे जेवण त्यांचं न्हायच. आमचं हाय. ते लोक वापरतायत इतकंच. मी फक्त परत घेतोय."

"मग नीट तरी घ्या," चाची आतून म्हणायची. "अर्धं कच्चं घेताय."

चाचांचा नियम एकच होता, बुकात लिहिलंय त्यात बदल करायचा नाही. बुकात कालचा पाव लिहिला असेल तर कालचाच पाव. बेकरीवाला ताजा पाव देऊ करायचा, चाचा तो घेऊन घरी यायचे आणि शिळा होईस्तोवर त्याच्यावर राखण करायचे. बुकात 'गार, काळोख्या तळघरात ठेवा' असं लिहिलं होतं. आमच्याकडे हातभर खणलं की पाणी लागतं. तरी चाचांनी मागच्या नारळाखाली खड्डा खणून त्यात बरणी पुरली. ती नंतर वर काढली तेव्हा निम्मी पाण्यानं आणि निम्मी मुंग्यांनी भरली होती. ऑलिव्हचं तेल मात्र तिकडूनच यायला हवं. दुबईहून येणाऱ्या पुतण्याच्या बॅगेत त्यांनी ते मागवलं, विमानात डबा फुटला, आणि कुणाच्या तरी निकाहसाठी आणलेल्या जरीच्या कापडांनी ते सगळं पिऊन टाकलं. पुतण्या रडकुंडीला आला होता. चाचांनी कापड नाकाशी धरून म्हटलं, "माल मात्र चांगला होता."

दुसरा नियम त्याहून भयंकर. शिजवताना ते चव बघत नसत. "चव बघा असं कुठं लिहिलंय?" मीठ वजनकाट्यावर. काटा स्टोअरमधल्यासारखा डोळ्यांच्या रेषेत धरायचा, एक डोळा मिटायचा, आणि एक चिमूट जास्त झाली तर ती परत डब्यात. एवढ्या काटेकोरपणे इतकं बेचव करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांचा लाडका पदार्थ म्हणजे केशर, कोळंबी आणि तिसऱ्या घातलेला स्पेनचा प्रसिद्ध भात. त्याचं नाव इंग्रजीत दिसतं 'पाएल्ला', पण बुकात त्याचा उच्चार दिला होता 'पाएया', म्हणून चाचा पाएयाच म्हणायचे. पसरट, दोन कानांची कढई हवी म्हणून त्यांनी होड्यांचे कठडे वेल्डिंग करणाऱ्याकडून लोखंडी पत्र्याची बनवून घेतली. ती इतकी जड झाली की रिकामीसुद्धा दोघांनी उचलावी लागे. पहिल्यांदा त्यांनी मोहल्ल्यातल्या लोकांना जुम्याच्या नमाजानंतर पाएया खायला बोलावलं. लोकांनी ऐकलं 'पाया'. आता पाया म्हणजे बकऱ्याचे पाय रात्रभर शिजवून केलेला रस्सा. त्याला कोण नाही म्हणेल? माणसं भाकऱ्या, पाव, लिंबं घेऊन आली. समोर आला भात. पिवळा, वर पालथ्या पडलेल्या कोळंब्या.

"चाचा, पाया कुठंय?" एकानं बरंच शोधून विचारलं.

"हाच पाएया."

"आनि पाय?"

"पाय नसतात त्याला."

लोकांनी तो भात भाकरीशी खाल्ला. तळाशी भात काळसर लागला होता. चाची म्हणाली, "करपलं." चाचांनी बुक उघडून दाखवलं की हे करपलेलं नसून मुद्दाम धरू दिलेला थर आहे, याला 'सोकर्रात' म्हणतात, आणि स्पेनमध्ये त्यासाठी भांडणं होतात.

"माझ्या हातनं लागलं तर करपलं," चाची म्हणाली, "तुमच्या हातनं लागलं तर सोकर्रात. चांगलंय."

हे सगळं एक वेळ ठीक. पण एका दुपारी मी पाणी घ्यायला मागच्या दारानं खाली गेले, तर चाचा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर बसून तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खात होते. बोटं चाटत. पुढच्या खोलीत त्यांनीच केलेलं, बटाटा आणि अंड्याचं स्पॅनिश काहीतरी माझ्यासाठी झाकून ठेवलेलं होतं. त्यांनी मला पाहिलं, घास गिळला आणि म्हणाले, "बघत होतो. तुलना करायला." तुलना दुसरी भाकरी संपेपर्यंत चालली.

तर हाच बटाटा आणि अंडं एका रविवारी साक्षात स्पेनला सामोरं गेलं. एक तरुण आणि एक तरुणी भाड्याच्या स्कूटरवर जंजिरा बघायला निघाले होते. आमच्या दारासमोर त्यांचा टायर पंक्चर झाला. स्कूटर दुरुस्तीला पाठवून चाचांनी त्यांना सावलीत बसवलं आणि सवयीनं विचारलं, कुठले? मुलगी म्हणाली, "स्पेन." चाचांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून तिच्याकडे पाहिलं. मी त्यांना त्यांच्या स्वतःच्या पोरींविषयी बोलतानासुद्धा इतकं हळवं झालेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी मला हाक मारली, कारण त्यांची इंग्रजी कॅम्पवरची होती आणि प्रसंग मोठा होता.

बटाटा कापला गेला, कांदा कापला गेला, अंडी फोडली गेली. पाहुण्यांनी भुकेनं खाल्लं. मग ती मुलगी हसून म्हणाली, छान आहे, फक्त आमच्या घरी यात कांदा घालत नाहीत.

मी भाषांतर केलं. चाचांनी बुक आणलं. बोट ठेवलं. "ओनियन. सी."

मुलगी म्हणाली, हो, काही लोक घालतात, पण माझी आई घालत नाही.

"यू आर यंग," चाचा म्हणाले. "आस्क मदर."

त्या पोरीनं खरंच आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर जाडसर, केस विंचरत असलेली एक बाई आली. मुलगी बोलत होती, आई बोलत होती, चाचा मध्येच 'रुझ' आणि 'जाफरान' म्हणत होते. शेवटी आईनं काहीतरी विचारलं आणि मुलीनं ते मला इंग्रजीत सांगितलं.

"काय म्हणते?" चाचांनी मला विचारलं.

"विचारतायत की हे पुस्तक लिहिलं कुणी?"

चाचांनी पहिलं पान उलटलं. लेखक लंडनचा इंग्रज निघाला. इतकी वर्षं पुस्तक छातीशी धरलं, पण हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "मग काय झालं? बाहेरच्या मानसालाच नीट दिसतं."

पडद्यावरच्या बाईचं लक्ष आता चाचांवरून सुटून मागे उभ्या असलेल्या चाचीवर गेलं होतं. तिनं पुन्हा काहीतरी विचारलं. मुलगी हसायला लागली. आईचा प्रश्न असा होता, की हे गृहस्थ रोज स्वयंपाक करतात, तर यांच्या बायकोला पोटभर मिळतं का?

मी चाचीला सांगितलं. चाचीनं पदरानं तोंड झाकलं आणि म्हणाली, "सांग तिला, कवा कवा."

पाहुणे गेले. चाचा बराच वेळ ओट्यावर बसून होते. मला वाटलं, आता बहुतेक बुक कपाटात जाईल. थोड्या वेळानं ते उठले आणि खेदानं म्हणाले, "स्पेनच्या लोकांना स्पेनचं जेवन राहिलं न्हाय, टीचर. आता आपल्यालाच सांभाळायला पायजे."

अशा माणसाच्या घरात लग्नाचं स्थळ आलं.

चाचांच्या मोठ्या मुलींची लग्नं ते कुवेतला असतानाच झाली होती. स्थळं चाचीनं पाहिली, चौकश्या चाचीनं केल्या, चाचांनी फोनवर 'ठीक आहे' म्हटलं. एका निकाहला तर रजा न मिळाल्यामुळे ते आलेही नव्हते. आता धाकटी सायमा उरली होती. ती पनवेलला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. होस्टेलवरून सुटीत यायची, बापाची टिंगल करायची आणि त्यानं केलेलं सगळं खायची. तसं करणारी घरात ती एकटीच.

स्थळ म्हसळ्याचं होतं, चाचीच्या लांबच्या नात्यातलं. मुलगा दोह्याला नोकरीला. रजेवर आला होता आणि रजा संपायच्या आत निकाह उरकायचा होता. घरचे चांगले, खाऊनपिऊन सुखी. फक्त एक गोष्ट त्यांनी आधीच कळवली होती. शिक्षण झालं तेवढं पुरे, मुलगी लगेच सोबत जाईल. सायमाची शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर होती.

घरात तयारी सुरू झाली. सायमा गप्प होती. मी एकदा तिला विचारलं, तर म्हणाली, "टीचर, अम्मीनं इतकं सगळं केलंय. आता काय बोलू?" चाची रात्रंदिवस राबत होती. गालिचे उन्हात पडले, मटण सांगून झालं, नारळाच्या रसात सांदणं करायचं ठरलं. सांदणं म्हणजे तांदळाच्या रव्याच्या वाफवलेल्या गोड वड्या, आणि चाचीची सांदणं पंचक्रोशीत नावाजलेली. चाचांना स्वयंपाकघरात मनाई झाली. ते इतके पडेल चेहऱ्यानं फिरू लागले की शेवटी चाचीलाच दया आली. "एक भात करा," ती म्हणाली. "पिवळा. केशर घालून. बाकी कशाला हात लावू नका."

"एकच करतो," चाचा म्हणाले.

आदल्या दिवशी ते सायमाला घेऊन जेट्टीवर मासळी आणायला गेले. मीही भाजीसाठी थोड्या वेळानं तिकडेच पोचले. चाचांनी माकुळं घेतली, मोठी मोठी निवडून. माकुळाच्या पोटात शाईची एक पिशवी असते. मासळीवाली सवयीनं ती काढून फेकायला लागली, तसे चाचा ओरडले, "शाई ठेव! शाई पायजे मला!"

"चाचा, शाई कनाला पायजे?" ती म्हणाली. "चिठ्ठी लिवाची हाय का?"

सगळी जेट्टी हसली. मीही हसले. मला वाटलं, बापलेकीचा काहीतरी खेळ चाललाय.

पाहुणे आले. मुलाचे आईवडील, मुलगा आणि त्याची फुफी, म्हणजे आत्या. मुलगा साधा, भला दिसणारा होता, सारखा रुमालानं कपाळ टिपत होता. जेवणासाठी जमिनीवर दस्तरखान पसरलं. चाचीनं मटण मांडलं, भाकऱ्या मांडल्या. मग चाचा आणि शेजारचा एकजण ती लोखंडी कढई दोन्ही कानांनी धरून घेऊन आले आणि बरोब्बर मधोमध ठेवली.

भात काळा होता. सावळा वगैरे नाही, काळाकुट्ट. डांबरासारखा चकाकत होता आणि त्यातून माकुळांचे पाय वर आले होते.

चाचीच्या हातातलं सांदणांचं ताट तसंच हातात राहिलं.

"हे काय?" मुलाच्या आईनं विचारलं.

"अर्रोस नेग्रो," चाचा म्हणाले, आणि उभ्या उभ्या रुझपासून सुरुवात केली. अरब स्पेनात कसे गेले, तांदूळ कसा गेला, शाईनं भाताला समुद्राची चव कशी येते. मुलाचे वडील सज्जन होते. त्यांनी मान राखायचा म्हणून घास घेतला. आणि काय सांगावं, चाचांनी आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी चविष्ट केलं होतं! त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला. मुलानं घेतला. फुफीनंही चाखून पाहिला. मग फुफी म्हणाली, एक फोटो काढू, दोह्याला पाठवायचाय. सगळे हसले, आणि कॅमेऱ्यासमोर एका ओळीत काळे दात, काळे ओठ, काळ्या जिभा उघड्या पडल्या.

मुलाची आई तेवढी जेवली नव्हती. तिनं फोटो पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आपल्या पांढऱ्या ओढणीवर उडालेला काळा ठिपका पाहिला. "चांगल्या कामाला काळं खायला घालतात का कुनी?"

"दात घासले की जातं," चाचा म्हणाले. "बुकात लिहिलंय."

गेलं नाही. पाहुण्यांनी अंगणातल्या नळावर बराच वेळ चुळा भरल्या आणि तोंडावर रुमाल धरून ते गाडीत बसले. सायमा आतल्या खोलीच्या दारात उभी होती. ती इतकी हसू दाबत होती की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, रडतेय.

म्हसळ्याहून निरोप आला तो नकाराचाच. ज्या घरात बाप चुलीपाशी आणि आई गप्प, तिथली मुलगी नको, असं फुफीनं कळवलं होतं. मोहल्ल्यात चाचांचं नाव 'काळा भात' पडलं. पोरं जेट्टीवर विचारायची, "चाचा, शाई हाय का शाई?" चाचा गंभीरपणे मान हलवून पुढे जायचे.

मी त्यांना थोडं रागानंच म्हटलं, "चाचा, तुमच्या बुकापायी पोरीचं स्थळ मोडलं."

"भातानं मोडलं न्हाय," ते म्हणाले. "सांदणं जाड झाली होती."

हे चाचीनं ऐकलं. तिनं फक्त त्यांच्यासाठी रांधायचं बंद केलं. "आता बुकातलंच खा," एवढंच म्हणाली. आणि मग चाचा स्वतःच्या हातचं, सकाळ-संध्याकाळ, तुलनेला भाकरी नसताना खायला लागले. बघता बघता गालफडं बसली. त्या दिवसांत मला त्यांची कीव येत नव्हती, हे स्पष्ट सांगते. ज्या बाईनं एकटीनं घर ओढलं, मुली उजवल्या, तिच्या सांदणांवर खापर फोडणाऱ्या माणसाची कीव कशाला करायची?

सायमा परीक्षा देऊन आली आणि निकाल लागला तेव्हा घरीच होती. चांगल्या मार्कांनी पास झाली. मी पेढे घेऊन खाली गेले. चाचीनं तिला जवळ घेतलं, कपाळाचं चुंबन घेतलं, आणि पुन्हा तोच विषय काढला. "शिकलीस, चांगलं झालं. पन रिश्ता गेला तो बापामुळं गेला."

सायमा पेढा खाता खाता थांबली. "अम्मी, अब्बांनी मला विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"जेट्टीवर जाताना. म्हनाले, तुला हा रिश्ता पायजे? मी म्हटलं, न्हाय. मग ते बराच वेळ चालत राहिले. मग म्हनाले, माकुळं मोठी बघून घेऊ."

चाची उठली. चाचा अंगणात बसून लोखंडी कढईचा गंज काथ्यानं घासत होते. मी आणि सायमा दारातच थांबलो.

"अल्लानं तुमाला तोंड दिलंय ना?" चाची म्हणाली.

चाचांनी वर पाहिलं.

"मला सांगितलं असतं तर मी न्हाय कळवलं असतं. फोन हाय घरात. भात काळा कशाला करायला पायजे?"

"तू इतकी तयारी करत होतीस," चाचा म्हणाले. मी त्यांचा इतका बारीक आवाज कधी ऐकला नव्हता. "मला वाटलं, तुला पसंत हाय. आनि पहिल्यापासून सगळं तूच बघत आलीस. मी मधीच काय बोलायचं?"

"विचारलंत मला?"

चाचांनी काथ्या पाण्यात बुडवला.

"बुकात न्हवतं वाटतं विचारायचं," चाची म्हणाली. मग ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आनि वर माझी सांदणं जाड?"

चाचा खाली मान घालून काथ्या फिरवत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "जाड न्हवती."

मी वर खोलीत आले, पण मनातून ते जाईना. आयुष्यभर दुसऱ्याच्या देशात गोण्या मोजून आलेला माणूस घरी परततो तेव्हा घर त्याच्यावाचून चालायला शिकलेलं असतं. कुणाला काय आवडतं, कुठला डबा कुठे, कुणाचं कुणाशी जमतं, सगळं ठरून गेलेलं. त्या घरात कुणालाच येत नाही असा एक विषय चाचांनी शोधून काढला आणि त्याच्या आड उभं राहून ते बोलत राहिले. हे सगळं मला समजत होतं. तरी चीड यायची ती यायचीच. एक 'न्हाय' म्हणायला या माणसाला बारा माकुळं कापावी लागली, तीन माणसांचे दात काळे करावे लागले, आणि उरलेला दोष बायकोच्या सांदणांवर ढकलावा लागला. त्यापेक्षा तोंड उघडणं स्वस्त पडलं असतं.

चाचीनं पुन्हा त्यांच्यासाठी भाकरी थापायला सुरुवात केली. समेट कधी झाला मला कळलं नाही. एके दिवशी मागच्या दारानं गेले तर ते पाटावर बसले होते. या वेळी तुलना वगैरे शब्द निघाला नाही.

सायमाला अलिबागला एका दवाखान्याच्या औषधाच्या दुकानात नोकरी लागली. त्यानंतर श्रीवर्धनकडचं एक स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. आता चाचीनं वेगळीच तयारी केली. तिनं मटण केलं, सांदणं केली, बुक स्वतःच्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली, आणि चाचांना स्वच्छ कुर्ता घालायला लावून पुढच्या खोलीत मधोमध खुर्चीवर बसवलं.

"आज भात मी करीन," ती म्हणाली. "तुमी बोला."

पाहुणे आले. इकडचं तिकडचं झालं. मग मुलाच्या वडिलांनी चाचांकडे वळून अदबीनं विचारलं, "जनाब, तुमचं काय म्हननं?"

चाचांनी चाचीकडे पाहिलं. चाची खिडकीबाहेर बघत होती. त्यांनी सायमाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मांडीवर हात फिरवला, तिथे बुक नव्हतं. मला वाटलं, आता हे रुझपासून सुरू करणार.

"पोरगी शिकलेली हाय," चाचा म्हणाले. आवाज खरखरला, म्हणून त्यांनी खाकरून पुन्हा सांगितलं. "शिकलेली हाय. नोकरी करते. लग्नानंतरबी करनार. तिनं तसं मला सांगितलंय, आनि माझंबी तेच हाय. चालत असंल तर जेवून जा. न्हायतर सरबत पिऊन जा."

मुलाच्या वडिलांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मुलाकडे पाहिलं. मुलानं हातातला सरबताचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "हात कुठं धुवायचे?"